जागा शोधणाऱ्या बाई

आमच्या बाई वही हातात घेतली की आधी उत्तर वाचत नसत. पान तिरकं धरून उजेडात बघायच्या, मागच्या बाजूने बोट फिरवायच्या आणि मग मान वर करून विचारायच्या, "हे मांडीवर लिहिलंस ना? दुसऱ्या ओळीपासून अक्षर घसरत गेलंय."

घसरलेलंच असायचं. कुणाच्या वहीत मध्येच एखादा काना दचकल्यासारखा वर गेलेला असला की त्याला विचारायच्या, "पाळणा कोण हलवत होतं? तूच ना, पायाने?" सगळा वर्ग हसायचा. ज्याची वही असे तो तेवढा हसत नसे. बाईंनी ओळखलं म्हणजे आता बाई घरी येणार, हे त्याला कळून चुकलेलं असायचं.

परळच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत त्या आम्हाला मराठी आणि भूगोल शिकवायच्या. राहायच्या गिरगावात, भावाकडे. लग्न केलेलं नव्हतं. अंगाने किरकोळ, पण आवाज शेवटच्या बाकाच्याही पलीकडे, व्हरांड्यात ऐकू जाणारा. सुती पाचवारी साडी आणि तिच्याखाली कवायतीचे पांढरे कॅनव्हासचे बूट, हा त्यांचा बारमाही वेश. चाळीचे जिने चपला घालून चढणाऱ्या माणसाचा भरवसा नाही, असं त्या म्हणायच्या.

आमच्या भागात शाळेतलं कुणी घरी आलं की ते तक्रार घेऊनच आलं, असं सगळे धरून चालत. बाईंची कधीच कुणाविरुद्ध तक्रार नसायची. पोर हुशार आहे की ढ आहे, यावर त्या घरच्यांशी एक अक्षर बोलत नसत. दारात बूट काढायच्या, आत यायच्या आणि जो कुणी बाप, आजोबा, काका तिथे बसलेला असेल त्याला म्हणायच्या, "पालक, जरा गॅलरीत या." सगळ्या बापांना त्या 'पालक'च म्हणायच्या. नाव विचारायच्या भानगडीत पडायच्या नाहीत. मग खोलीत मधोमध उभं राहून चारी भिंती बघून घ्यायच्या आणि खाली बसायच्या. मांडी घालून, वही पुढ्यात ठेवून, हातात पेन्सिल धरून. डोळे मिटून ऐकत राहायच्या. मग उठून दुसरीकडे बसायच्या. कधी कॉटखाली वाकून बघायच्या, कधी मोरीच्या कठड्याला पाठ लावून. वहीवर तळहात धरून त्याची सावली कुठे पडते ते तपासायच्या. पोर डावखुरं असलं तर तोंड फिरवून पुन्हा पहिल्यापासून. बाहेर गॅलरीत पालक, त्यांच्यामागे शेजारीपाजारी, आणि आत बाई एका जागेवरून दुसऱ्या जागेवर बसताहेत, उठताहेत. शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या.

शेवटी एखादी जागा त्यांना पटायची. मग पिशवीतून खडू काढून त्या जमिनीवर चौकोन आखायच्या आणि घरातल्या बाईमाणसाला म्हणायच्या, "दिवेलागणीपासून जेवणाची पानं घेईपर्यंत हा चौकोन हिचा. या वेळात इथे कुणी पाय द्यायचा नाही, ताट ठेवायचं नाही, तांदूळ निवडायचे नाहीत." एवढं झालं की त्या पोराला त्यात बसवून एक ओळ लिहायला लावायच्या. ती ओळ बघितल्याशिवाय चहाला हात लावत नसत. चहा तोवर गार व्हायचा. तसाच प्यायच्या.

"अक्षर हाताचं नसतं, जागेचं असतं," असं त्या म्हणायच्या. एका मुलाला त्यांनी चाळीखालच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानात बसवलं होतं. घरी त्याची आजी अंथरुणाला खिळलेली, तिच्या कण्हण्यात त्याला काही सुचायचं नाही. इस्त्रीवाला भय्या आधी हसला, मग कपड्यांच्या गाठोड्यांमधली जागा त्याने स्वतःच झाडून दिली. पुढे त्या मुलाच्या वहीला गरम कपड्यांचा वास यायचा. बाई ती वही नाकाशी नेऊन खूश व्हायच्या.

आमच्याकडे त्या आल्या तेव्हा मी सहावीत होते. आमची खोली लालबागला, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. वडील गिरणीत विणकर. आईची खानावळ होती. म्हणजे गावाकडून एकटे आलेले गिरणीतले गडी आमच्याकडे जेवायचे, आणि त्यातले काही पाळीपाळीने झोपायचेही. एक पाळी कामावर गेली की दुसरी येऊन आडवी व्हायची. या सगळ्यात मी कधी जिन्यावर, कधी तांदळाच्या डब्यावर वही ठेवून लिहायचे.

बाईंनी सगळी खोली बसून पाहिली. झोपलेल्या एका गड्याच्या उशालाही बसून पाहिली. तो जागा झाला, समोर बाई बघून ताडकन उठून बसला आणि लुंगी सावरत बाहेर पळाला. आईला हसू आवरेना. बाईंनी तांदळाचा डबा हलवायला लावला, खिडकीखाली चौकोन आखला आणि आईला म्हणाल्या, "जेवणारांची पंगत त्या भिंतीला घ्या. तोंडं तिकडे, पाठी इकडे. जेवणारा माणूस आपल्या वहीत बघतोय असं वाटलं की मूल लिहीत नाही."

"बाईनू, च्या तरी घेवा," आई म्हणाली.

"आधी ओळ."

मी ओळ लिहिली. काय लिहिलं होतं ते आता आठवत नाही. पण त्या दिवसापासून गडी मुकाट्याने भिंतीकडे तोंड करून जेवू लागले. त्यातला एक दांडगा गडी होता, तो माझ्या चौकोनाच्या कडेने देवाच्या पाटाजवळून जावं तसं अंग चोरून जायचा. माझं गणितही त्या काळात सुधारलं. तो विषय बाईंचा नव्हता, पण बाई गणिताच्या मास्तरांकडे जाऊन माझी वही बघून आल्या.

मग संप झाला. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं होळीपर्यंत मिटेल. होळी गेली, शाळा सुटल्या, पुन्हा भरल्या, मी सातवीत गेले. गडी एकेक करून गावाला गेले. जाताना वळकटी आमच्याकडेच ठेवून गेले, परत यायचंच होतं म्हणून. गणपती झाले तेव्हा वळकट्या न्यायलाही कुणी आलं नव्हतं. खानावळ बंद पडली. आमची खोली अशी रिकामी झाली की आवाज घुमायचा. मला हवी तिथे जागा होती, आणि मला एक ओळ लिहिता येत नव्हती. वडील दिवसभर भिंतीला टेकून बसलेले असायचे. काही बोलायचे नाहीत, रागवायचे नाहीत. फक्त बसायचे.

वहीवरून बाईंना कळलंच. त्या आल्या. या वेळी त्यांनी वडिलांना गॅलरीत या म्हटलं नाही. त्यांच्यासमोर खाली बसल्या.

"पालक, तुम्ही वहीकडे बघत बसू नका."

"मी खंय बघतंय बाईनू? माका वाचूक येणा नाय."

  बाईंनी खडू काढला नाही. आईने दिलेला चहा गरम असतानाच प्यायल्या आणि गेल्या.

दिवाळीच्या आधी वडिलांनी गावी जायचं ठरवलं. गाव मालवणच्या बाजूला, खाडीच्या काठी. गावात शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल खाडीपलीकडे, होडीने जायचं, आणि पावसाळ्यात होडी बंद. आईने शाळेत येऊन दाखला मागितला, तेव्हा बाई तिला व्हरांड्यात घेऊन गेल्या. काय बोलणं झालं ते मला घरी कळलं. बाई मला गिरगावला आपल्या घरी ठेवून घ्यायला तयार होत्या. मॅट्रिक होईपर्यंत.

वडिलांनी दोन दिवस विचार केला. मग मला बाईंच्या हवाली करताना एवढंच म्हणाले, "चेडवाक संभाळा."

गिरगावातलं बाईंचं घर म्हणजे चाळीतल्या दोन खोल्या. तिथे त्यांचे मोठे भाऊ, वहिनी आणि दोन पुतणे. थोरला मिलिंद त्या वर्षी दहावीला होता. तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की बाईंचा आवाज घरात वेगळा आहे. शाळेत व्हरांडा दणाणून सोडणाऱ्या बाई इथे अगदी हळू बोलायच्या. भांडं ठेवतानासुद्धा आवाज होऊ द्यायच्या नाहीत. भाऊ वर्तमानपत्र वाचत असले तर त्यांच्यामागून भिंतीला लागून जायच्या. कुणी त्यांना काही बोलत नव्हतं. वहिनी त्यांच्या पानात पहिली पोळी वाढायची. पण बाई त्या घरात पाहुण्यासारख्या वावरायच्या, आणि किती वर्षं तशा वावरत आल्या होत्या कोण जाणे.

त्यांची म्हणून एकच गोष्ट तिथे होती. मागच्या खोलीत खिडकीपाशी एक लहान लाकडी टेबल आणि खुर्ची. त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकताना करून दिलेलं. त्यावर त्या वह्या तपासायच्या. मी आले त्या संध्याकाळी त्यांनी वह्यांचा गठ्ठा उचलून पिशवीत भरला, टेबल पुसलं आणि मला म्हणाल्या, "बस."

"आणि तुम्ही?"

"मी शाळेतच तपासून येईन."

मी बसले. खिडकीतून समोरच्या चाळीतल्या कुंड्या दिसायच्या, डावीकडून उजेड यायचा. तसं मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. निबंध लिहिताना मान वर केली की बाई दारात उभ्या दिसायच्या, हसत. शाळा सुटल्यावर त्या वर्गातच बसून वह्या तपासायच्या, शिपाई कुलूप लावायला आला की मला घेऊन बसने घरी यायच्या. मला त्यांनी खूप शिकवलं अशातला भाग नाही. त्यांनी मला बसू दिलं.

ते फार दिवस टिकलं नाही.

वहिनी वाईट नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचंय. माझी वेणी तीच घालायची, आईचं पत्र आलं की मला ते मोठ्याने वाचायला लावायची आणि आपणच डोळे पुसायची. पण मिलिंद सहामाहीत दोन विषयांत नापास झाला. प्रगतिपुस्तक घेऊन तो आला तेव्हा आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. भावांनी ते बघितलं आणि बाजूला ठेवलं. वहिनी वाढता वाढता थांबली.

"वन्सं," ती म्हणाली, "एक विचारू? तुम्ही लालबाग-परळला घरोघर जाऊन पोरांना जागा शोधून देता. आमचा मिलिंद कुठे बसून लिहितो, ठाऊक आहे तुम्हाला?"

बाईंनी घास खाली ठेवला. मिलिंदकडे पाहिलं. मिलिंद मान खाली घालून जेवत होता.

"जिन्यात," वहिनी म्हणाली. "पाचवीपासून जिन्यात बसतो तो. माणसं येतात-जातात, तो उठतो, बसतो. तुम्ही रोज त्याला ओलांडून वर येता."

वहिनीने आवाज चढवला नव्हता. ती रडतही नव्हती. वाढायला घेतलेला भात हातात तसाच होता.

"माझ्या लक्षात नाही आलं," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच विचारलं."

भाऊ म्हणाले, "पुरे आता. जेवा." सगळे जेवलो. त्यानंतर त्या घरात या विषयावर कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येऊन टेबलाशी बसायला गेले आणि बसवेना. मिलिंद पुस्तकं घेऊन बाहेर निघाला होता. मी म्हटलं, "दादा, तू बस." तो म्हणाला, "नको ग, तू बस." दोघंही उभे राहिलो. दारातून बाई आमच्याकडे बघत होत्या.

कुणी मला जा म्हणालं नाही. पण दोन खोल्यांत सहा माणसं होती, आणि त्यातला जो मुलगा घरचा होता त्याची बोर्डाची परीक्षा तीन महिन्यांवर होती. नाताळची सुट्टी लागली तेव्हा बाईंनी माझं सामान भरलं आणि परळच्या डेपोतून आम्ही गावची एसटी धरली.  घाटात मला उलटी झाली तेव्हा त्यांनी माझी पाठ चोळली आणि म्हणाल्या, "रागावली नाहीस ना?" मी नाही म्हटलं. खरंच रागावले नव्हते. घरी आई भेटणार म्हणून मला आनंदच झाला होता, आणि तो त्यांना दिसू नये म्हणून मी खिडकीबाहेर बघत होते.

गावचं घर मोठं होतं. मातीचं, कौलारू, पण ऐसपैस. पुढे पडवी, मागे पडवी, माजघर, वर माळा. बाई आल्या आल्या बूट काढून आत गेल्या आणि सवयीने चारी बाजूंनी बघू लागल्या. पडवीत बसून पाहिलं. माजघरात बसून पाहिलं. कुठेही बसलं तरी शांत, कुठेही उजेड. खळ्यातून कोंबड्यांचा आवाज येत होता तेवढाच. थोड्या वेळाने त्या पायरीवर येऊन बसल्या आणि आईला म्हणाल्या, "इथे जागाच जागा आहे हो." आईला वाटलं कौतुक करताहेत.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन होडीने पलीकडे गेल्या. हायस्कूलच्या हेडमास्तरांना भेटल्या. जूनमध्ये आठवीत प्रवेश द्यायला ते तयार होते, पण पावसाळ्यात मुलगी येणार कशी, हे त्यांनीच विचारलं. मग बाई त्या गावात घरोघर फिरल्या. कॅनव्हासचे बूट धुळीने लाल झाले. पोस्टमास्तरांची विधवा बहीण एकटी राहायची, तिच्या घरात शिरून बाईंनी तिच्या माजघरात बसून पाहिलं, हात धरून सावली पाहिली, आणि पावसाळ्यापुरती मला ठेवून घ्यायला तिला राजी केलं. परत येताना होडीत त्या मुंबई सोडल्यापासून पहिल्यांदा हसल्या. "झालं ग काम," म्हणाल्या.

वडील पडवीत बसले होते. बाईंनी सगळं सांगितलं. घर कसं आहे, म्हातारी किती सोज्वळ आहे, खिडकी कुठल्या बाजूला आहे. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"आता पुरे बाईनू," ते म्हणाले. "एकदा तुमच्यावर भरवसो ठेवन धाडलंय. दोन महिन्यात चेडू परत इला. आता हडे ठेवा, मगे थंय ठेवा... चेडू आसा तां. पोस्टाचा पार्सल न्हय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं त्या आता आवाज काढतील, शाळेत काढायच्या तसा, आणि म्हणतील, पालक, जरा गॅलरीत या. त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे तुमचं," म्हणाल्या. सकाळच्या एसटीने त्या गेल्या.

मी सातवी गावात केली आणि शाळा सुटली. वडील पुन्हा मुंबईला गेले नाहीत. पुढे माझं लग्न झालं, चिपळूणला पंधरा-सोळा वर्षं गेली, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही प्रभादेवीला राहायला आलो. मी दादरला एका पोळी-भाजी केंद्रात काम करू लागले. तिथल्या एका मैत्रिणीने मला दहावीचा फॉर्म भरायला लावला. बाहेरून परीक्षा देऊन मी पास झाले. मार्क बेताचेच होते. पण निकाल हातात आला आणि मी पहिल्यांदा पेढे घेतले ते गिरगावला नेण्यासाठी.

मुंबईत परतल्यावर लालबाग-परळला कधीमधी शाळेतली कुणी भेटायची. त्यांच्याकडून कळलं होतं की मी गेल्यानंतर बाई कुणाच्या घरी गेल्या नाहीत. रिटायर होईपर्यंत शिकवत राहिल्या, चांगलं शिकवलं, पण वही तिरकी धरून बघणं संपलं. माझ्या मागच्या वर्गातल्या पोरींना 'बाई घरी यायच्या' हे ठाऊकही नव्हतं. संपानंतरच्या त्या वर्षांत तर शाळा सोडणारी पोरं सगळ्यात जास्त. कोण कुठे बसून लिहितंय हे विचारणारं माणूस तेव्हाच हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं.

गिरगावच्या घराचं दार वहिनीने उघडलं. केस पांढरे झाले होते, पण चेहरा तोच. मला ओळखायला तिला वेळ लागला. ओळखल्यावर तिने माझे दोन्ही हात धरले आणि तिथेच दारात सांगितलं, "वन्सं गेल्या ग. मागच्या वर्षी."

मी आत जाऊन बसले. भाऊही गेले होते. धाकटा पुतण्या डोंबिवलीला. घरात वहिनी एकटी. तिने पेढा देवापुढे ठेवला, पाणी आणलं, आणि समोर बसली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "तुझं नाव काढायच्या नेहमी. मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं."

"वहिनी, तुमचं चुकलं नव्हतं."

"ते माहीत आहे मला." तिने पदराने तोंड पुसलं. "पण ऐक. तू गेल्यावर मिलिंदला टेबल मिळालं. वन्संनीच त्याची पुस्तकं मांडून दिली. दोन दिवस बसला. मग परत जिन्यात. मी ओरडले, त्याचे वडील ओरडले. म्हणे, मला इथे सुचत नाही, कुणी येत-जात नसलं की सुचत नाही. सवय झाली होती ना त्याला. जिन्यात बसूनच अभ्यास केला आणि पास झाला. आता नाशिकला असतो, चांगलं चाललंय."

"मग टेबल?"

"रिकामंच राहिलं. वन्सं काही पुन्हा बसल्या नाहीत तिथे. शाळेतच वह्या तपासून यायच्या, शेवटपर्यंत."  "मी म्हटलं, एक पत्र टाका, बोलवा मुलीला परत. तर म्हणाल्या, तिच्या वडिलांना आता कुठल्या तोंडाने सांगू."

समोरच्या चाळीतून कुणीतरी वहिनीला हाक मारली. ती उठून खिडकीशी गेली, काहीतरी उत्तर दिलं आणि परत येऊन बसली. मी आणखी थोडा वेळ थांबले. निघताना तिने पेढ्यांचा पुडा माझ्या पिशवीत परत घातला. म्हणाली, घरी पोरांना दे, मी एकटी किती खाणार.